बार्शी लाईटची मालगाडी: जुन्या निगेटिव्हच्या नोंदी

७ नोव्हेंबर २०२४

दिवाळी झाली, पाहुणे गेले, जेवणाचं टेबल आता महिनाभर माझं. माळ्यावरचा पत्र्याचा डबा खाली काढला. आत फिल्मचे १९ रोल, सगळे १२० साईजचे, १९७४ ते १९८१ मधले. मी बार्शीत कॉलेजला होतो तेव्हा मामाने त्याचा आग्फा क्लिक थ्री कॅमेरा दिला होता, त्याच्यावर काढलेले. एका रोलमधे बारा फोटो, म्हणजे जास्तीत जास्त २२८ फ्रेम. पाकिटांवर पेनाने लिहिलंय पण शाई उडालीय, "कुर्डु. यार्ड", "पांगरी सकाळ", "लातूर" एवढंच वाचता येतं.

काम काय करायचं ते आजच लिहून ठेवतो म्हणजे मधेच फाटे फुटायला नकोत. यातले फक्त मालगाड्यांचे फोटो घ्यायचे, नीट स्कॅन करायचे, प्रत्येकाखाली ठिकाण, साल आणि गाडीत काय होतं ते लिहायचं, आणि जमेल तिथे आज त्या जागी उभं राहून परत फोटो काढायचा. पॅसेंजरचे फोटो बऱ्याच जणांकडे आहेत, आषाढीला टपावर बसलेल्या वारकऱ्यांचे तर खूप, पण बार्शी लाईट नावाची ही छोटी रेल्वे जिच्यासाठी टाकली ती मालगाडी कुणाच्या अल्बममधे नाही. ही लाईन कापूस आणि धान्यासाठी झाली. बार्शीची पेठ म्हणजे बालाघाटावरून खाली येणाऱ्या मालाचं दार होतं आणि तिथून मेन लाईनपर्यंत सगळं बैलगाडीने जायचं, म्हणून तर एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनीअरने १८९५ ला लंडनमधे कंपनी काढली आणि १८९७ ला बार्शी रोड, म्हणजे आत्ताची कुर्डुवाडी, ते बार्शी गाडी सुरू केली. मग पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. लातूर ते मिरज सव्वातीनशे किलोमीटर, रुळातलं अंतर अडीच फूट.

मालगाडीच्या फ्रेम मोजल्या, ६४ निघाल्या.

११ नोव्हेंबर

डबा उघडल्यापासून खोलीत आंबट वास येत होता, मला वाटलं लोणच्याची बरणी फुटली. वास निगेटिव्हचाच आहे. फिल्मचा ॲसिटेट बेस खराब व्हायला लागला की व्हिनेगरसारखा वास येतो आणि शेजारच्या चांगल्या फिल्मलाही ते लागतं. दोन रोल गेलेत, पट्ट्या लाटांसारख्या वाकल्यात, वरचा थर बेसपासून सुटतोय. ते दोन्ही लगेच वेगळे काढून दुसऱ्या खोलीत ठेवले. बाकीच्यांना नवी कागदी पाकिटं, नवा डबा, सिलिका जेल. जुनी पाकिटं फेकली नाहीत, लिखाण आहे त्यांच्यावर, स्कॅन करून ठेवीन.

आजारी दोन रोल आधी स्कॅन करायचे. त्यातला एक मिरजेचा आहे.

१५ नोव्हेंबर

स्कॅनर एप्सन व्ही६००, भाच्याचा, दोन महिन्यांसाठी आणलाय. दिवसभर सेटिंग शोधण्यात गेला, लिहून ठेवतो म्हणजे परत तेच नको. २४०० डीपीआय, १६ बिट ग्रे, टिफ. फाईल साधारण ५५ एमबीची होते, ६४ फ्रेमला साडेतीन जीबी, काहीच नाही. धूळ आपोआप काढायचं जे बटण आहे ते बंदच ठेवायचं, रंगीत फिल्मला ते चालतं पण ब्लॅक अँड व्हाईट फिल्ममधे चांदी असते आणि त्याचा इन्फ्रारेड उजेड चांदीला अडतो, मग त्याला धूळ कुठली आणि फोटो कुठला ते कळत नाही. एका फ्रेममधे इंजिनाच्या धुराड्यावरची कडीच त्याने पुसून टाकली. म्हणजे ब्रशने, हवेच्या फुग्याने आणि हाताने धूळ काढायची. एका फ्रेमला पाऊण तास जातो, जाऊ दे.

फिल्म बहुतेक ऑर्वो एनपी २२ आहे, कडेला छापलेलं दिसतं. तेव्हा तीच मिळायची.

मिरजेच्या रोलमधल्या बारापैकी पाच वाचल्या. मिरजेचाच अजून एक रोल होता, तो १९७९ ला एका स्टुडिओत धुवायला दिला आणि परत मिळालाच नाही. तीन वेळा गेलो होतो विचारायला. त्यात मालधक्क्यावर हळदीची पोती होती, पत्र्याच्या शेडमधून उन्हाची तिरीप पोत्यांवर पडलेली आणि हवेत पिवळी धूळ. फोटो ब्लॅक अँड व्हाईटच आला असता, पण मला तो अजून पिवळाच आठवतो.

१९ नोव्हेंबर

पहिल्या रोलचं साल नक्की झालं. बार्शी स्टेशनाच्या बाहेर छोट्या डब्यांची रांग, सगळे बंद, एक माणूस नाही, इंजिन नाही, आणि दोन डब्यांच्या मधल्या सावलीत एक शेळी बसलीय. हे बघून मला वाटलं होतं रविवार असेल. पण मालगाडीला कसला रविवार. मग पाकिटावर भिंगातून "संप" वाचलं. मे १९७४, रेल्वेचा देशभरचा संप, ८ मे ते २७ मे. कॅमेरा हातात येऊन आठवडाही झाला नव्हता आणि चालती गाडी मिळेना म्हणून मी उभ्या डब्यांचेच फोटो काढले, त्यात बारापैकी सात फ्रेम खर्ची पडल्या. तेव्हा वाईट वाटलं होतं, आज वाटतं की बरं झालं, कारण डबे उभे असल्यामुळे क्लिक थ्रीवर पण सगळं स्वच्छ आलंय, रिव्हेट मोजता येतात.

या सात फ्रेममधे चाकं बघण्यासारखी आहेत. डबा एवढासा, पण खाली चारऐवजी आठ चाकं, दोन बोगी, म्हणजे चार-चार चाकांचे दोन गाडे. कॅलथ्रॉपचा सगळा हिशेब इथे होता. रूळ हलके, एक यार्ड लांबीला फक्त ३० पौंड, म्हणजे मीटरला १५ किलो, आज मेन लाईनला ६० किलोचे असतात. त्या हलक्या रुळावर एका आसाचं वजन पाच टनाच्या वर जाऊ द्यायचं नाही असं त्याने ठरवलं, पण मग प्रत्येक आस त्या पाच टनापर्यंत पुरता वापरायचा, इंजिनाचा पण आणि डब्याचा पण. चार आस म्हणजे डब्यासकट वीस टन. लीड्सच्या किटसन कंपनीची पहिली इंजिनंपण तशीच, वजन आठ मोठ्या आणि चार छोट्या चाकांवर वाटलेलं. आणि सगळे डबे पंचवीस फुटी, दाबून घडवलेल्या पोलादी सांगाड्यावर. पुढे तो माणूस इंग्लंडात पॅराशूट बनवायला लागला, पहिल्या महायुद्धात त्याचं पॅराशूट वापरलंही गेलं. वजन आणि ते पेलणारी वस्तू यातच त्याचं डोकं चालायचं असं मला वाटतं.

शाळेच्या पुस्तकात वॅगनला वाघीण म्हणायचे. मला तो शब्द फार आवडायचा पण धक्क्यावर कुणाच्या तोंडून कधी ऐकला नाही, तिथे सगळे "डबा"च म्हणायचे. खाली ओळी लिहिताना मीही डबाच लिहिणार.

२६ नोव्हेंबर

आजची फ्रेम ११/४ (रोल ११, फोटो चौथा), कुर्डुवाडी मालधक्का, १९७७. सगळ्या कामातला हा सगळ्यात चांगला फोटो आहे असं मी आत्ताच म्हणून ठेवतो.

मधे धक्का. डावीकडे ब्रॉडगेजचा उंच डबा, दार उघडं, आत काळोख. उजवीकडे आपला छोटा डबा. दोघांना फळ्या लावल्यात आणि सहा हमाल ये-जा करतायत, चार जण हलून पुसट झालेत, दोन स्वच्छ. क्लिक थ्रीला शटरचा स्पीड एकच, वर ऊन आणि ढग अशी चित्रं असायची, तेवढंच काय ते फिरवायचं. त्यामुळे जो क्षणभर थांबला तो फोटोत आला आणि जो चालत राहिला तो वाफेसारखा दिसतो.

बार्शी लाईट बंद का पडली असं कुणी विचारलं तर मी हा फोटो दाखवीन. लातूरचा माल मुंबईला जायचा असेल तर इथे कुर्डुवाडीत प्रत्येक पोतं पाठीवरून एका गाडीतून दुसऱ्या गाडीत जायचं. हमाली वेगळी, वेळ वेगळा, वर सांडलवंड आणि फुटतूट. रुळातलं अंतर बदललं की माल उतरवून चढवावाच लागतो. लातूरच्या दुकानासमोर ट्रक भरायचा आणि थेट वाशीला रिकामा करायचा हे एकदा जमल्यावर आडत्याने पोतं दोनदा कशाला उचलायचं? १ जानेवारी १९५४ ला कंपनी सरकारने घेतली तरी अंतर अडीच फूटच राहिलं. कुर्डुवाडी-लातूर पूर्ण ब्रॉडगेज व्हायला २००८ उजाडलं, मिरजेकडचं तर त्याच्यानंतर.

फोटोखाली सध्या लिहिलं: लातूरची तूरडाळ मुंबईकडे, नॅरोगेजमधून ब्रॉडगेजमधे चढवताना.

२ डिसेंबर

चार फ्रेम झाल्या. बुरशी. पाठ दुखतेय.

१४ डिसेंबर

कुर्डुवाडीला जाऊन आलो. वीस प्रिंट घेऊन गेलो होतो, आठ बाय आठ इंची. ओळखीतून एका जुन्या मुकादमांचा पत्ता मिळाला होता, वय ऐंशीच्या पुढे, सगळे त्यांना आण्णा म्हणतात, मीही आण्णाच म्हणालो. ओसरीवर बसले होते, सुनेनं चहा आणला, चष्मा आणला. मी प्रिंट पुढे ठेवली आणि अभिमानाने सांगितलं, आण्णा, ही लातूरची डाळ, मुंबईला चाललेली.

त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "आवो मालक, ही डाळ न्हवं. आन् मुंबईला बी चालली न्हाई. ही लातूरला चाललीया."

मी म्हणलं कशावरून.

"आकडा बगा की. कुटाय?"

बघितलं तर दोन्ही स्वच्छ आलेल्या हमालांच्या हातात पोती ओढायचा लोखंडी आकडा नाही, तो कमरेला धोतरात खोचलेला. एकाच्या कमरेवर त्याचं टोक चमकतंय, मी ते निगेटिव्हवरचा ओरखडा समजून पुसणार होतो. आण्णांनी सांगितलं, धान्याच्या पोत्याला आकडा लावायचा, क्विंटलचं पोतं असतं, आकड्याशिवाय ओढताच येत नाही. पण खताच्या पोत्याला आकडा लावला की आतलं प्लास्टिक फाटतं, माल ओला होतो, आणि पैसे हमालाकडून कापायचे. पोत्यावर छापलेलंच असायचं. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, पण तो छाप ओळखता यायचा, त्याच्याखाली आकड्यावर फुली मारलेलं चित्र असायचं.

मग म्हणाले पोतं बघा, बारकं आहे, पन्नास किलोचं, म्हणून तर गडी ताठ चालतोय. डाळीच्या क्विंटलाखाली माणूस असा चालत नाही, मान पुढे येते, गुडघा वाकतो. आणि खत कुठून येणार, मोठ्या गाडीतनंच येणार, लातूरकडच्या शेतकऱ्याला जाणार. एका मोठ्या डब्याचा माल दीड-दोन बारक्या डब्यात बसायचा. बहात्तरच्या दुष्काळात तांबड्या मिलो ज्वारीची पोती याच धक्क्यावर रात्रंदिवस चढवली, हातातले कंदील घेऊन, तेव्हा पाठीला पंधरा दिवस तेलच लावायला सवड नव्हती. मी मनात म्हणलं कॅमेरा दोन वर्षं आधी मिळाला असता तर.

वीसपैकी सात फोटोंखालच्या माझ्या ओळी चुकीच्या निघाल्या. सातही ठिकाणी त्यांनी काही ना काही दाखवून दिलं, उगाच आठवतंय म्हणून नाही सांगितलं. एका फोटोत डब्याच्या दाराला ओल्या कापडाचा बोळा लावलेला दिसतो, मला ते पडलेलं फडकं वाटलं होतं. म्हणाले सरकी असणार, सरकी भरली की फटी बुजवायला लागायच्या नाहीतर वाटभर सांडायची आणि मागे शेळ्या लागायच्या.

फ्रेममधल्या सहा जणांची नावं त्यांनी सांगितली. चार आता नाहीत. पुसट असलेल्या एकालासुद्धा त्यांनी चालीवरून ओळखलं. नावं मी वहीत लिहून घेतलीत, घरच्यांना विचारल्याशिवाय कुठे छापणार नाही.

निघताना मी ११/४ ची प्रिंट त्यांना दिली. त्यांनी ती घेतली नाही, म्हणाले, "आदी खालचं दुरुस्त करा, मग द्या."

१६ डिसेंबर

ठरलं. यापुढे प्रिंट आधी धक्क्यावर किंवा गाडीवर काम केलेल्या माणसाला दाखवायची, मग खाली ओळ लिहायची. स्कॅनिंगचा वेग कमी होईल पण उरलेले चव्वेचाळीस फोटो माझ्या अंदाजावर सोडायचे नाहीत. पुसायच्या आधी ओरखडे पण दाखवायचे.

१८ जानेवारी २०२५

पांगरी ते येडशी, पायी आणि मोटारसायकलवर. फ्रेम ६/९ ची जागा शोधायला, थंडीत मुद्दाम आलो कारण फोटो थंडीतलाच आहे, धूर बघूनच कळतं, पांढरा आणि दाट, वाफ लगेच धुक्यासारखी झालेली.

इथे जुनी लाईन रामलिंगच्या जंगलातून घाट चढून येडशीला जायची. ब्रॉडगेज करताना रस्ता बदलला, धाराशिवहून फिरवून येडशीला आणली, म्हणून हा तुकडा कायमचा सुटला. शहराला रेल्वे मिळाली हे चांगलंच झालं, तिथल्या लोकांनी किती वर्षं वाट बघितली, पण फोटो काढणाऱ्यासाठी एवढाच तुकडा जसाच्या तसा राहिलाय, बाकी सगळीकडे जुन्या भरावावर किंवा शेजारी नवी लाईन आलीय.

माझे चालत्या मालगाडीचे जेवढे म्हणून स्पष्ट फोटो आहेत ते जवळजवळ सगळे या घाटातले का आहेत ते आज चालताना लक्षात आलं. सपाटीवर गाडी त्या कॅमेऱ्याला जास्त व्हायची, फोटो हलायचा. घाटात भरलेली मालगाडी सायकलच्या वेगाने चढायची, खलाशी उतरून शेजारून चालला तरी चालेल इतकी हळू, मग शटर एकच असलं तरी पुरायचं. आणि सकाळी आठच्या आत, कारण इंजिन काळं, दुपारच्या उन्हात चाकं आणि दांडे सगळे टाकीच्या सावलीत जाऊन नुसता काळा ठोकळा येतो. सकाळी ऊन आडवं येतं, दांड्याच्या तेलावर चमकतं, पुढचं छोटं चाक, मग चार मोठी, मग मागचं छोटं, सगळं मोजता येतं.

६/९ मधे मागे डोंगराची एक खाच आहे, दातात फट असावी तशी. प्रिंट हातात लांब धरून डोंगराशी जुळवत दोन तास चाललो. बाभळी एवढ्या वाढल्यात की खालचं काही जुळत नाही, फक्त वरची रेघ. शेवटी एका दगडी मोरीपाशी रेघ जुळली. मोरीचे दोन कठडे, मधे पाऊल टाकून मोजलं, चार पावलं, एवढ्याशा रुंदीवरून पूर्ण मालगाडी जायची. भरावावर खडी अजून आहे, गवताखाली बूट घासला की लागते. स्लीपर एकही नाही. एका दगडाला काळं तेल लागलेलं होतं, नखाने खरवडलं तर निघालं नाही.

शेळ्या घेऊन एक पोरगं आलं, फोटो बघून म्हणालं, काका ही गाडी हितली? मी म्हणलं हो, तू उभा आहेस तिथनंच गेलेली. त्याने मागे सरकून जागा करून दिली.

त्याच जागेवरून नवा फोटो काढला, ६/९ ब. गाडी येडशीकडे चढतेय हेही नक्की झालं, धूर जोरात आणि सरळ वर आहे. उतारावर ड्रायव्हर वाफ बंद करायचा, तेव्हा धूर पातळ होऊन मागे लोळतो.

९ फेब्रुवारी

विचार करत होतो की २०१६ चे फोटो यात घ्यायचे का. डिजिटल आहेत, ब्रॉडगेजचे आहेत, मूळ ६४ मधले नाहीत. घेतले.

एप्रिल २०१६, लातूरला नळाला पाणी नाही, मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं. ११ एप्रिलला पहिली गाडी निघाली, दहा टँकर, पाच लाख लिटर. नंतर पन्नास टँकरची, पंचवीस लाख लिटरची. टँकर राजस्थानात कोट्याला वाफेने धुऊन आणलेले. मी सांगोल्याजवळ एका फाटकाबाहेर उभा होतो, पन्नास टँकर मोजले, एकामागून एक, सगळे भरलेले, रूळ खाली दबून वर येताना दिसत होते. फाटकाला थांबलेला एक माणूस हात जोडून उभा राहिला होता, तो फोटोत डाव्या कोपऱ्यात आहे.

मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर. घाटाचा तुकडा सोडला तर बार्शी लाईटचाच रस्ता, टोकापासून टोकापर्यंत. अडीच फुटाचे रूळ असते तर कोट्याचे टँकर मिरजेच्या पुढे सरकले नसते, आणि पाणी काही पोत्यात भरून पाठीवर घेता येत नाही. ११/४ च्या शेजारी हा फोटो ठेवायचा, दुसरीकडे कुठे नाही.

२ मार्च

कुर्डुवाडीला आजच्या मालगाडीचे फोटो, रस्त्यावरून, पुलावरून. वायर आल्यापासून जागा शोधावी लागते, खांब इंजिनाच्या तोंडावर येतो. उंचावरून घेतला तर बरा येतो. सिमेंटचे बंद डबे होते, थांबले पण नाहीत, गेले.

आण्णांकडे संध्याकाळी गेलो, अजून पंधरा प्रिंट. तीन दुरुस्त्या.

२३ मार्च

६४ पैकी ५५ फ्रेमखाली पक्की ओळ आली. नऊ फ्रेमचं ठिकाण कुणालाच सांगता येईना, त्यांच्याखाली फक्त रोल नंबर आणि साल लिहिलंय, बाकी जागा कोरी सोडली. आजारी दोन रोलच्या पट्ट्या स्कॅन झाल्या तरी टाकल्या नाहीत, वेगळ्या डब्यात आहेत. स्कॅनर भाच्याला परत, हार्डडिस्कच्या दोन कॉपी, एक माझ्याकडे, एक बार्शीला बहिणीकडे.

११/४ ची नवी प्रिंट बारा बाय बारा काढली, फ्रेम केली, उद्या सकाळच्या गाडीने कुर्डुवाडीला घेऊन जातोय. खाली आता असं आहे:

कुर्डुवाडी मालधक्का, १९७७. ब्रॉडगेजमधून नॅरोगेजमधे रासायनिक खत, लातूरकडे. पोतं पन्नास किलोचं. आकडा कमरेला.